उभी राहिलेली जीप आणि गळणारे ऑईल : दोष नेमका कुठे आहे?

आमचा धंदा कापडाचा. इंजिन, गिअर हा आमचा विषय नव्हे, आणि या पानावर आमच्याकडून सूत, तागे आणि उधारी यांवरच लेख यावेत अशी वाचकांची अपेक्षा असणार. परंतु आठवडी बाजाराला माल नेणाऱ्या कितीतरी व्यापारी बांधवांच्या वाड्यात किंवा गोदामाच्या मागे एखादी जुनी जीप आजही ताडपत्रीखाली उभी असते. वडिलांनी घेतलेली, विकवत नाही आणि चालवतही नाही अशी. अलीकडे अशा जीपला चांगला भाव येऊ लागल्याने पुष्कळांनी त्या बाहेर काढल्या आहेत. मग खाली ऑईलचे डाग पडतात, मिस्तरी सांगतो "सगळी सील बदला", आणि खिसा रिकामा होऊनही डाग पडायचे थांबत नाहीत. आमच्या बाबतीत हेच घडले, शिवाय एका माणसाचे पाय थोडक्यात वाचले. म्हणून हा विषय.

जीपबद्दल दोन शब्द. महिंद्र कंपनीची सुरुवात १९४५ साली लुधियान्यात पोलादाच्या व्यापाराने झाली, तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. अमेरिकेच्या विलिस कंपनीचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडण्याचे काम सुरू झाले. आमच्याकडे आहे ती सी.जे. ३बी, उंच बॉनेटची. हा नमुना अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनला, आपल्याकडे त्याच्या पुढेही पुष्कळ वर्षे बनत राहिला. पुढे जे सांगतो ते या जातीच्या जीपबद्दल आहे: तीन गिअरचा टी-९० गिअर बॉक्स, त्याच्या पाठीला चिकटलेला 'डाना १८' ट्रान्स्फर केस, आणि पुढे-मागे दोन हाऊसिंग. दुसऱ्या बनावटीच्या गाडीत भाग वेगळे असतील, परंतु तपासण्याची रीत तीच राहील.

आमची जीप २०१२ साली उभी केली ती २०२१ मध्ये बाहेर काढली. नऊ वर्षांत तिच्याखाली फरशीवर एकही ओला डाग नव्हता. आम्ही खूश झालो. ही आमची पहिली चूक. जी जुनी गाडी थेंबही सांडत नाही, तिचा डबा रिकामा तर नाही ना हे आधी पाहायला हवे. सांडण्यासारखे आत जे होते ते केव्हाच सांडून, मातीत मुरून, वाळून गेलेले असते.

मिस्तरी आला. त्याने गिअर बॉक्स पाहिला, ऑईल कमी होते, भरले. आठ दिवसांनी पुन्हा कमी. पुन्हा भरले. दरम्यान मागच्या बाजूला हँडब्रेकच्या ड्रमखालून ऑईल टपकू लागले. त्याने ट्रान्स्फरचे मागचे सील बदलले, ऑईलने भिजलेले हँडब्रेकचे लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवले आणि पैसे घेऊन गेला. तिसऱ्या आठवड्यात गोदामाच्या उतारावर, मागे तागे भरलेले असताना, हँडब्रेक ओढलेली जीप आपोआप मागे सरकली आणि भिंतीला जाऊन टेकली. आमचा हमाल पाठीवरचा तागा ठेवून त्या जागेवरून नुकताच बाजूला झाला होता. त्या दिवशी आम्ही जीप पुन्हा उभी केली आणि ठरवले की हे प्रकरण आपण स्वतः समजून घेतल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही. सुदैवाने एक वृद्ध उस्ताद मिळाले, ज्यांची उमर याच जीपांखाली गेली होती. त्यांनी शिकवले ते लिहितो.

सर्वांत आधी जिवाचा विचार. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तो शाफ्ट अडवतो, आणि शाफ्टमधून डिफरन्शियलमार्फत चाके अडवतो. याचा अर्थ काय? मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियल त्या चाकाला मोकळे फिरू देते आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. त्यामुळे गाडीखाली जाण्यापूर्वी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नका.

आता तपासणी. पहिला नियम उस्तादांनी सांगितला तो असा: खालचा नट उघडण्यापूर्वी वरचा उघडून पाहा. ऑईल भरण्याचे बूच गंजून बसलेले असते. खालून सगळे ऑईल काढून टाकले आणि नंतर वरचे बूच निघालेच नाही, तर गाडी जागची हलवता येणार नाही. वरचे बूच निघाले की मग खालचे अगदी थोडे सैल करा, गाडी थंड आणि बरेच दिवस उभी असतानाच, आणि खाली वाटी धरा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाला बसते. पहिल्या चमचाभरात पाणी आले किंवा ऑईल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. मग गळती शोधण्याच्या आधी ते ऑईल बदलणे आले, कारण पाण्याने बेअरिंग आणि शाफ्टला आतून गंज चढतो आणि तो गंजच पुढे नवे सील कापतो.

त्यानंतर चारही ठिकाणची पातळी पाहायची: गिअर बॉक्स, ट्रान्स्फर, पुढचे हाऊसिंग, मागचे हाऊसिंग. गाडी सपाट जागेवर हवी. ऑईल बुचाच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावे, जास्त नको. जे दिसेल ते वहीत लिहून ठेवा. आपण दुकानात शिल्लक मालाची मोजणी करतो ना, तसेच समजा. मोजणीच नसेल तर चोरी कुठल्या कप्प्यातून झाली हे कळणार कसे?

आमचे कोडे इथेच सुटले. गिअर बॉक्सचे बूच काढले तर ऑईल पातळीच्या खाली. ट्रान्स्फरचे काढले तर भडभडा बाहेर. मिस्तरीने दोनदा भरलेले ऑईल जमिनीवर गेलेच नव्हते, ते पाठीमागच्या डब्यात गेले होते! या दोन डब्यांच्या मधून एकच शाफ्ट जातो. तिथली जागा झिजली की ऑईल एकातून दुसऱ्यात सरकते. ही या जीपची जुनी खोड आहे, आणि ती ओळखूनच पुढच्या काही गाड्यांत कारखान्याने दोन्ही डब्यांमध्ये मुद्दाम वाट ठेवली, म्हणजे पातळी आपोआप सारखी राहील. तेव्हा हिशेब सोपा आहे. एक डबा कमी आणि दुसरा ओसंडणारा असेल, तर ती बाहेरची गळती नव्हे, घरातल्या घरात झालेली बदली आहे. दोन्ही कमी असतील तर ऑईल बाहेर जात आहे. पातळी बरोबर करून दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि पुन्हा पाहा, म्हणजे शक राहणार नाही. ओसंडून भरलेला डबा चांगल्या सीलमधूनही ऑईल ढकलतो. आमच्या नव्या सीलवर जो आळ आला होता, त्याचा निम्मा दोष या पातळीचा होता. उरलेल्या निम्म्याकडे पुढे येतो.

पातळी झाली की धुलाई. रॉकेल आणि ब्रश घेऊन वर्षानुवर्षांचा चिखल व ऑईलचा थर पूर्ण काढावा लागतो. हे काम घाणेरडे आहे आणि पुष्कळ मिस्तरी ते टाळतात, पण धुतल्याशिवाय शोधणे म्हणजे मळक्या कापडावर नवा डाग शोधणे. धुऊन वाळल्यावर संशयाच्या सांध्यांवर थोडी टाल्कम पावडर फुंकून ठेवा. ऑईल जिथून निघेल तिथे पावडर आधी ओली होईल.

इथे आमच्या धंद्याचा उपयोग झाला. उस्ताद खाली पुठ्ठे टाकत, आम्ही कोरा पांढरा मांजरपाट अंथरला. जीपच्या लांबीएवढा तुकडा, त्यावर पेन्सिलीने पुढची चाके, मागची चाके, गिअर बॉक्स आणि हाऊसिंग यांच्या जागा आखल्या. एक रात्र थंड गाडी उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी फेरी मारून गरम गाडी दुसऱ्या तुकड्यावर. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की थंडीतली गळती आणि चालल्यानंतरची गळती वेगळी दिसते. डाग ओळखणे तर कापडवाल्याला शिकवावे लागत नाही. काळा डाग इंजिनच्या वापरलेल्या ऑईलचा. मधासारखा तांबूस, चिकट आणि नाकाला गंधकासारखा उग्र लागणारा तो गिअर ऑईलचा. ग्रीस पसरत नाही, मध्ये गोळा राहतो आणि भोवती फिकट वर्तुळ उमटते. फिकट, पातळ डाग ब्रेक ऑईलचा असू शकतो. त्याची खूण पक्की आहे: नेहमीचे ब्रेक ऑईल साध्या पाण्याने धुऊन जाते, गिअर ऑईल पाण्याने हलत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली की ही परीक्षा पहिल्यांदा करावी. ती ओल ब्रेकची निघाली तर गिअर ऑईलचा विचार बाजूला ठेवून गाडी तिथेच थांबवायची.

ऑईल थेंब बनून जिथे पडते तिथून ते निघालेले नसते. ते वरून खाली वाहते, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जाते. म्हणून शोध नेहमी वरून आणि पुढून सुरू करावा. इंजिनच्या बाजूचे टॅपेट कव्हर किंवा ऑईल फिल्टरची नळी पाझरत असेल, तर तिचे ऑईल मागे येऊन बेल हाऊसिंगवर जमते आणि बिचाऱ्या गिअर बॉक्सवर आरोप होतो. बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकातून थेंब येत असेल तर बोटावर घेऊन पाहा. काळा असेल तर इंजिनचे मागचे सील. तांबूस व वासाचा असेल तर गिअर बॉक्सचे पुढचे तोंड, आणि मग क्लच प्लेटपर्यंत ऑईल गेले का हेही पाहणे आले. गिअर बॉक्स जास्त भरला असला तरी इथे थेंब येतात. उतरवण्याआधी पातळी पाहा म्हणजे एका मोठ्या मजुरीची बचत होईल.

ट्रान्स्फर केसला गळायला जागा फार. तळाच्या झाकणाचे पॅकिंग, गिअर बदलण्याच्या दांड्या जिथून बाहेर येतात ती तोंडे, पुढचे सील, मागचे सील, आणि मधल्या शाफ्टचे मागचे टोक. या शेवटच्या जागेवर कोणी शक घेत नाही. तो शाफ्ट डब्यातून आरपार असतो, त्याच्या टोकाला लहानशी पट्टी असते, आणि तिथून पाझरलेले ऑईल खाली येऊन तळाच्या पॅकिंगवर जमते. मग माणूस पॅकिंग तीनदा बदलतो. शाफ्टच्या त्या तोंडाभोवती पावडर टाकून पाहावी.

आता आमच्या मागच्या सीलचा उरलेला दोष. उस्तादांनी प्रॉपेलर शाफ्ट सोडवला, हँडब्रेकचा ड्रम उतरवला आणि शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहिला. हलत होता. सीलची ओठाळी कडा फिरणाऱ्या शाफ्टला चिकटून असते. शाफ्टच डगमगत असेल तर नवे सील किती दिवस टिकणार? या शाफ्टची ढिलाई मागच्या कॅपखालच्या पातळ पत्र्यांनी, म्हणजे शिमनी, बसवतात आणि ती इंचाच्या हजार भागांपैकी चार ते आठ भाग इतकीच असावी. आमच्या पहिल्या मिस्तरीने सील बदलताना कॅप काढली आणि एक पत्रा परत घातलाच नाही की जास्त घातला, ते आता सांगता येणार नाही. दुसरे म्हणजे ज्या भागावर सील फिरते तिथे नऊ वर्षे एकाच जागी टेकल्याने गंजाचे कडे पडले होते आणि नखाला लागेल अशी खाच होती. अशा खाचेवर नवे सील बसवणे म्हणजे विरलेल्या कापडाला नवी किनार. बारीक खाच असेल तर पॉलिश पेपरने साफ करून सील किंचित अलीकडे-पलीकडे बसवतात, म्हणजे कडा चांगल्या जागेवर येते. खाच खोल असेल तर त्यावर पातळ पोलादी नळी चढवतात, नाहीतर भाग बदलतात. आमचा भाग बदलावा लागला. आणि हँडब्रेकचे लायनर नवे टाकले. ऑईल प्यालेले लायनर पेट्रोलने धुतले की वरून कोरडे दिसते, गरम झाले की आतले ऑईल पुन्हा वर येते. उतारावर आमची जीप का सरकली याचे उत्तर एवढेच आहे.

हाऊसिंगकडे येऊ. मागचे हाऊसिंग दोन्ही चाकांकडे पाझरत होते. दोन्ही बाजूंची सील एकाच वेळी खराब व्हावीत याचे उस्तादांना नवल वाटले. त्यांनी सीलला हात न लावता हाऊसिंगच्या वरच्या अंगाचा छोटा ब्रीदर काढला. आत कुंभारीण माशीने मातीचे घर करून तो गच्च बंद केला होता! गाडी चालली की ऑईल तापते, आतली हवा फुगते. तिला वरची वाट बंद असेल तर ती ऑईलला सीलच्या कडेतून बाहेर ढकलते. थंड झाली की उलट, बाहेरची धूळ आणि पाणी आत ओढते. गरम गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली तर हे आणखी लवकर होते. ब्रीदर रॉकेलमध्ये टाकून, तारेने साफ करून बसवला आणि एका बाजूची गळती तिथेच थांबली. दुसऱ्या बाजूचे सील खरोखरच कडक होऊन चिरले होते, ते बदलले. बांधवांनो, उभी राहिलेल्या गाडीत ब्रीदर पहिला आणि सील नंतर. यात खर्च काही नाही.

पिनियनचे सील गळत असेल तर त्याची वेगळी खूण असते. फिरणाऱ्या फ्लँजवरून ऑईल उडते आणि वर, बॉडीच्या तळाला, एक आडवी रेघ उमटते. इथेही आधी शाफ्ट हलवून बेअरिंगची ढिलाई पाहावी. मागच्या झाकणाचे पॅकिंग गळत असेल तर आधी बोल्ट तपासा, अर्धे काम तिथेच होते.

पुढच्या चाकांजवळ जे लोखंडी गोळे दिसतात, त्यांच्यावर फेल्टची कडी असते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत फेल्ट वाळते आणि उघड्या गोळ्यावर गंजाचे खड्डे पडतात. स्टीअरिंग फिरवले की ते खड्डे फेल्ट फाडतात. या गोळ्यातून घट्ट ग्रीस येत असेल तर दोष फेल्टचा. पातळ ऑईल येत असेल तर आतले, हाऊसिंगच्या नळीतले सील गेले आहे, आणि हाऊसिंगचे ऑईल येऊन ग्रीस धुऊन काढत आहे. नुसते फेल्ट बदलून हे थांबत नाही. टायरच्या आतल्या अंगावरचे ओघळ पाहा, हाऊसिंगची पातळी पुन्हा मोजा.

नवे सील बसवताना त्याची कडा ऑईलच्या बाजूला राहील असे बसवावे, कडेला ऑईल लावावे, आणि सरळ, सपाट ठोकळ्याने ठोकावे. कोरडे बसवलेले सील पहिल्या फेरीतच जळते. पॅकिंगऐवजी हल्ली ट्यूबमधला सिलिकॉन भरभरून लावतात. त्याचे तुकडे आत पडतात. लावायचा तर पातळ लावा. ऑईल घेताना गिअर बॉक्स व ट्रान्स्फरला जी.एल.-४, हाऊसिंगला जी.एल.-५. जी.एल.-५ मधील गंधकाची द्रव्ये गिअर बॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधू शकतात, आणि दुकानदार एकच डबा दोन्हीकडे चालेल असे सांगून देतो.

एक गोष्ट राहिली. गाडी बाहेर काढल्याबरोबर सगळी सील फेकू नयेत. जी नुसती सुकलेली असतात ती ऑईल लागून थोडे चालल्यावर पुष्कळदा पुन्हा मऊ होतात. आमच्या पुढच्या पिनियनचे सील असेच सुधारले. आजही मांजरपाटावर तिथे रुपयाएवढा एक डाग रात्रीतून पडतो, महिन्याला पातळी पाहतो, ती जाणवण्याइतकी उतरत नाही, म्हणून ते उघडलेले नाही. हँडब्रेक मात्र दर शुक्रवारी, गाडी रिकामी असताना, गोदामाच्या त्याच उतारावर ओढून पाहतो. मागे कोणी उभे नाही याची खात्री करून.